खाजेची गोळी घेऊनही खाज का जात नाही? (धागा: आरोग्य)

शेवंती
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे, दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते सगळं तिने हसत सोसलं पण गेल्या सहा महिन्यांपासून रात्री अंगाला जो कंड सुटतो त्याने मात्र ती मेटाकुटीला आलीये. अंगावर काही दिसत नाही, ना पुरळ ना गांधी, नुसती कोरडी त्वचा आणि ओरखडे. पाठीपर्यंत हात पोचत नाही म्हणून आजीची जुनी लाकडी फणी उशाखाली ठेवते आणि रात्री दोन-अडीचला करकर आवाज येतो, मी शेजारच्या खोलीत जागी होते. सकाळी सुती साडीवर रक्ताचे बारीक ठिपके.

अ‍ॅलर्जीची गोळी चालू आहे, आधी सेटिरिझिन मग दुसरी. गुंगी येते, पण झोपेतही खाजवते. जिथे दाखवलं तिथे सांगितलं "किडनीच्या पेशंटला खाज असतेच, सवय करा, खाजवू नका म्हणावं." आता मला कोणी सांगा, खाज म्हणजे हिस्टामिन हे रसायन आणि त्यावर ही गोळी असंच शाळेपासून ऐकलंय ना? मग ही गोळी लागू का पडत नाही? की ही खाज वेगळीच काही असते?

तिरफळ
शेवंतीताई वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे पित्त उठलं की आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात आणि पोटात सोलकढी, तासाभरात गांधी बसतात. काकूंना करून बघा, निदान गार तरी वाटेल.

शेवंती
तिरफळ, आमसूल करून झालं, कडुलिंबाचं पाणीही. गार वाटतं तेवढा वेळ बरं. पण पोटात सोलकढी नाही, पाणी मोजून प्यावं लागतं तिला.

रानवाटा
ताई उत्तर माझ्याकडे पूर्ण नाहीये पण अर्धं आहे आणि ते अंगावर भोगलेलं आहे. मार्गशीर्षात भीमाशंकरच्या बाजूला रान तुडवत होतो, मी पुढे, वेलीला त्या सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा लटकलेल्या आणि आमच्यातल्या एकाने काठीने फटका मारला. खाजकुइली! वाऱ्यावर उडालेली कुसं मानेवर, मनगटावर, शर्टाच्या आत. पुढचा अर्धा तास मी माणसात नव्हतो. सोबतच्या गावकरी काकांनी पहिलं काय सांगितलं तर खाजवू नको, घासू नको, कुसं आत जातील. मग ओलं शेण लावलं, सुकू दिलं आणि पापुद्र्यासकट ओढून काढलं, कुसं त्याच्याबरोबर निघाली.

मुद्दा असा की माझ्या सॅकमध्ये अ‍ॅलर्जीची गोळी होती, ती घेतली, ढिम्म फरक पडला नाही. आणि अंगावर गांधीही उठल्या नाहीत, जराशी लाली फक्त. घरी येऊन वाचलं तर कळलं की या कुसांत हिस्टामिनचा खेळच नाहीये. त्यात म्युक्युनेन नावाचं प्रथिनं कापणारं एन्झाइम असतं. १९५५ सालीच शेली आणि आर्थर या दोघांनी ते शोधलं आणि २००८ मध्ये कळलं की ते त्वचेतल्या पार-२ आणि पार-४ या रिसेप्टरना (पेशीवरची निरोप घेणारी दारं) कापून चालू करतं. आपल्या रानातली खाजकुइली जगभरच्या लॅबमध्ये स्वयंसेवकांच्या हातावर मोजून टोचतात, कारण हिस्टामिनशिवायची खाज अभ्यासायला याच्याइतकी हुकमी वस्तू नाही.

पानगळ
म्हणजे खाजेच्या निदान दोन वाटा झाल्या. एक हिस्टामिनची, एक त्याशिवायची. रानवाटा, शेणाची युक्ती माझे आजोबाही सांगायचे.

निळीशाई
धागा आत्ता पाहिला. मी न्यूरोसायन्समध्ये पोस्टडॉक करते, खाज हा थेट माझा विषय नाही पण शेजारच्या टेबलावर तेच काम चालतं त्यामुळे रोज कानावर पडतं. शेवंतीताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि "सवय करा" हे उत्तर नाही.

जरा सविस्तर लिहिते. त्वचेत फार बारीक मज्जातंतू असतात, सी-फायबर म्हणतात, त्यांच्यावर वेष्टण नसतं त्यामुळे निरोप रांगत जातो, सेकंदाला साधारण अर्धा ते एक मीटर. म्हणून डास चावला की आधी टोचल्याचं कळतं आणि खाज मागाहून येते. डास चावल्यावर किंवा पित्त उठल्यावर त्वचेतल्या मास्ट पेशी (रोगप्रतिकाराच्या पेशींचा एक प्रकार) हिस्टामिन सोडतात, ते या तंतूंच्या एका गटाला जागं करतं. अ‍ॅलर्जीची गोळी फक्त हे एवढंच दार बंद करते. १९९७ मध्ये जर्मनीत श्मेल्झ यांच्या गटाने माणसाच्या त्वचेत हिस्टामिनला जागे होणारे असे खास तंतू मोजून दाखवले, तोवर बऱ्याच जणांना वाटायचं खाज म्हणजे हलकं दुखणंच. पण दुसरे तंतू आहेत जे हिस्टामिनला विचारतही नाहीत. खाजकुइली त्यांच्यावर चालते. एक्झिमा, किडनीची खाज, काविळीची खाज यांच्यात बहुतेक हीच दुसरी वाट असते.

आता पुढचा टप्पा, निरोप पाठीच्या कण्यात पोचतो आणि तिथे एका पेशीकडून दुसरीकडे जायला रसायन लागतं, ते निरोप्याचं काम करतं. २००७ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला झोउ-फेंग चेन यांच्या लॅबने दाखवलं की कण्यातल्या काही पेशींवर जीआरपी नावाच्या निरोप्याचा रिसेप्टर आहे आणि तो नसलेले उंदीर खाज आणणारं रसायन दिलं तरी फारसं खाजवत नाहीत, पण चटका बसला, दुखलं तर नेहमीसारखेच प्रतिसाद देतात. २००९ मध्ये त्यांनी त्या पेशीच काढून टाकल्या, खाज जवळजवळ गेली आणि वेदना जागच्या जागी राहिली. खाज आणि दुखणं यांची वाट वेगळी आहे याचा इतका स्वच्छ पुरावा आधी नव्हता.

२०१३ मध्ये एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या मार्क हून आणि संतोष मिश्रा यांनी त्याच्या आधीचा निरोप्या दाखवला, बीएनपी. हार्टच्या पेशंटची बीएनपी टेस्ट करतात ना, तेच! यावर नंतर वादही झाला की पहिला निरोप नेमका कोणाचा.

दवबिंदू
निळीशाई, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. सेकंदाला अर्धा मीटर! म्हणजे पायाच्या बोटाची खाज कण्यापर्यंत यायलाच दोन सेकंद.

अण्णा_सातारकर
माफ करा पण मला यातलं बरंचसं अति वाटतं. उंदरांवरचे प्रयोग उंदरांपुरते. आमच्या पिढीत माणसं मन घट्ट करून राहायची. खाज ही मनाने वाढते, लक्ष दिलं की वाढते, हे तर तुम्हीही मानाल. काकूंना भजन-वाचनात गुंतवा, रात्रीचा मोबाईल बंद करा.

शेवंती
अण्णा, आईकडे मोबाईलच नाही. आणि तिचं मन घट्ट नसतं तर दोन वर्षं सुयांवर काढली नसती.

निळीशाई
अण्णा, उंदराचा मुद्दा मान्य आहे, म्हणूनच श्मेल्झ यांचं माणसांवरचं काम आधी सांगितलं. लक्ष दिल्याने खाज वाढते हेही खरं. पण मन म्हणजे हवेतलं काही नाही, तीही रसायनंच आहेत. उदाहरण देते, यातच "खाजवू नका" हा सल्ला पाळणं इतकं कठीण का याचंही उत्तर आहे.

आपण खाजवतो तेव्हा त्वचेला बारीक दुखापत होते. त्या दुखण्याने कण्यातला खाजेचा निरोप क्षणभर दबतो, म्हणून तो "हाश्श" वाटतो. पण दुखलं म्हणून मेंदू वरून सेरोटोनिन सोडतो, ते दुखणं कमी करायला. २०१४ मध्ये त्याच सेंट लुइसच्या गटाने दाखवलं की हेच सेरोटोनिन कण्यातल्या त्या जीआरपी ऐकणाऱ्या पेशींना आणखी चेतवतं. म्हणजे खाजवलं, दुखलं, सेरोटोनिन आलं, खाज वाढली, परत खाजवलं. ज्या उंदरांत सेरोटोनिन तयारच होत नव्हतं ते कमी खाजवायचे, बाहेरून दिलं की परत खाजवायला लागायचे. तेव्हा रात्री दोनला फणी उचलणाऱ्या बाईला मन घट्ट कर म्हणणं म्हणजे शिंक आलेल्याला थांब म्हणण्यासारखं आहे.

चिंचवडी
मग सेरोटोनिन कमी केलं तर? माझ्या मावशीला यकृताचा आजार होता, काविळीत तळपायापासून खाज, आणि तिला डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली होती, सर्ट्रालिन. आम्हाला वाटलं वेड लागलं म्हणून दिली की काय, मावशी रडली होती. ती गोळी तर सेरोटोनिन वाढवते ना? आणि तिला तर फरक पडला!

निळीशाई
चिंचवडी, फार चांगला प्रश्न. एकच निरोप्या वेगवेगळ्या दारांवर वेगवेगळं बोलतो. सेरोटोनिनचे रिसेप्टर डझनाहून जास्त प्रकारचे आहेत, त्यामुळे कुठे, किती आणि किती दिवस यावर परिणाम उलटाही होतो. काविळीच्या खाजेत सर्ट्रालिन खरंच वापरतात, आणि ते खाजेवरचंच औषध म्हणून. मावशींना तेव्हा कोणी एवढं सांगायला हवं होतं.

अबोली_पुणे
मावशीचं वाचून माझं आठवलं. सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं आणि बाळ हातात आल्यावर तासाभरात माझं नाक, गाल, छाती अशी खाज सुटली की बाळाला धरू की नाक चोळू. सिस्टर म्हणाल्या औषधाची अ‍ॅलर्जी दिसते आणि फाइलवर तसं लिहून ठेवलं. आठ वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरतेय मला त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे!

ग्लूकोजबाटली
अबोली, मी भूलतज्ज्ञ आहे, हे रोज बघतो. पाठीतल्या इंजेक्शनमध्ये मॉर्फिन असेल तर नाक-चेहरा खाजणं अगदी नेहमीचं आहे आणि ती बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते. मॉर्फिन ज्या म्यू रिसेप्टरवर बसून वेदना थांबवतं त्याच जातीचा रिसेप्टर कण्यात खाजेचा निरोप मोकळा सोडतो. म्हणून अ‍ॅलर्जीच्या औषधाने ती नीट जात नाही आणि नालोक्सोनसारखं उलटं औषध थोडं दिलं की जाते. पुढच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना हा सगळा प्रसंग जसाच्या तसा सांगा, श्वास किंवा बीपीचा त्रास झाला होता का तेही, आणि फाइल तपासून घ्या.

आता शेवंतीताईंसाठी. शरीरात ओपिऑइडचा (मॉर्फिनच्या जातीच्या रसायनांचा) दुसरा रिसेप्टर आहे, कप्पा. म्यू खाज वाढवतो तर कप्पा ती दाबतो. आपल्या कण्यात डायनॉर्फिन नावाचा आपलाच निरोप्या आहे तो कप्पावर बसून खाज आवरतो. यावरूनच डायलिसिसच्या खाजेवर औषधं निघाली, जपानमध्ये २००९ पासून नालफ्युराफिन आणि अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालेलं डायफेलिकेफालिन, ते डायलिसिस संपताना शिरेतूनच देतात. दुसरा जुना आणि स्वस्त रस्ता गॅबापेंटिन. ते मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियमची वाट अडवतं त्यामुळे निरोप्या रसायनं कमी सुटतात. पण ते किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून अशा पेशंटमध्ये फार कमी डोस आणि तोही डायलिसिसनंतर. घरातल्या कोणाची उरलेली गोळी द्यायची नाही, चक्कर, गुंगी, पडणं होऊ शकतं. नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, नाव घेऊन विचारा. फॉस्फरस, पॅराथायरॉइड आणि डायलिसिस पुरेसं होतंय का हेही बघायला सांगा.

शेवंती
डॉक्टर, हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. पहिल्यांदाच कोणी नावं सांगितली.

दवबिंदू
मध्येच एक महत्त्वाचं. कोणी गरोदर बाई हे वाचत असेल आणि शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय रात्री खाजत असतील, पुरळ नसेल, तर "पोट ताणतंय म्हणून" असं समजून घरी बसू नका. मला सातव्या महिन्यात झालं. रक्तात पित्ताम्लं वाढलेली निघाली आणि त्याचा धोका बाळाला असतो. माझी आई म्हणत होती खोबरेल लाव. बहिणीने ओढत दवाखान्यात नेलं म्हणून आज लेक शाळेत जातेय.

ग्लूकोजबाटली
दवबिंदू +१. त्याच दिवशी दाखवायचं.

तिरफळ
अवांतर होतंय पण घसा खाजणं यात कुठे बसतं? अळूचं फदफदं, सुरणाचे काप. परवा चिंच कमी पडली आणि सासूबाईंपासून पोरापर्यंत सगळं घर घसा खाकरत बसलं होतं, पाहुण्यांसमोर!

पानगळ
तिरफळ, अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, जुड्याच्या जुड्या. त्या टोचतात हे मूळ. चिंच, आमसूल, ताक आणि भरपूर शिजवणं हा आपल्या बायकांनी शोधलेला उतारा. आमच्याकडे सुरण चिरताना हाताला तेल आणि चिंचेचा कोळ लावल्याशिवाय आई विळीला हात लावू देत नाही.

रानवाटा
आणि बिब्बा? गुडघ्यावर बिब्बा लावून घेतलेल्या आमच्या एका काकांना तो असा उतला की पोटरीपर्यंत फोड आणि लस. तेही दोन दिवसांनी, लगेच नाही.

निळीशाई
बिब्बा उशिरा उततो कारण तिथे रोगप्रतिकाराच्या टी-पेशींचं काम असतं, हिस्टामिनची तात्काळ गडबड नाही. आणि या टी-पेशींचे निरोपे थेट मज्जातंतूंशी बोलतात, हे मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं. इंटरल्यूकिन-३१ हा त्यातला. त्याचा रिसेप्टर खाजेच्या तंतूंवरच असतो. त्याला अडवणारं नेमोलिझुमॅब जपानने २०२२ मध्ये एक्झिमाच्या खाजेसाठी मंजूर केलं. इंटरल्यूकिन-४ सुद्धा तंतूंना हळवं करतं म्हणजे एरवी जेवढ्याने खाजलं नसतं तेवढ्यानेही खाजतं. आणि २०२३ मध्ये कळलं की त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतूही व्ही-८ नावाचं एन्झाइम सोडून थेट तंतूला चेतवतो. रानवाटांच्या कुसांसारखीच युक्ती, रिसेप्टर तेवढा पार-१.

अण्णा_सातारकर
हे जंतूचं नवीनच कळलं. मग खाजवून जंतू निघून जावा म्हणून निसर्गाने खाज दिली असेल का?

निळीशाई
अण्णा, तुमच्या या शंकेवर खरंच काम झालंय. जानेवारी २०२५ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या गटाने उंदरांत दाखवलं की खाजवल्याने वेदनेचे तंतू सबस्टन्स पी नावाचा निरोप्या सोडतात, तो मास्ट पेशींना दुसरीकडून चेतवतो आणि सूज वाढते. पण त्याच कामात हेही दिसलं की खाजवल्यावर त्वचेवरचा तो जंतू कमी झाला. म्हणजे थोड्या वेळापुरता फायदा असेल, महिनोन्महिने मात्र नुकसानच.

अण्णा_सातारकर
शेवंती, मघाशी जरा कठोर बोललो. आमच्या हिलाही शेवटी शेवटी असंच व्हायचं आणि मी तिला हेच सांगत असे. तेव्हा कोणी हे सांगितलं असतं तर तिला रागावलो नसतो.

शेवंती
अण्णा, असं नका मनाला लावून घेऊ. तुम्ही लिहिलंत म्हणून तर निळीशाईंनी एवढं सांगितलं.

चंदनखोड
मेडिकलवाला म्हणून माझंही ऐका. रोज दहा माणसं येतात "खाजेची ट्यूब द्या" म्हणत, त्यांना हवी असते ती स्टेरॉइड मिसळलेली. नायट्यावर ती लावली की खाज दोन दिवसांत गप्प होते, लाली बसते, आणि आत बुरशी मोकाट पसरते. जांघेतला रुपयाएवढा नायटा कमरेपर्यंत गेलेला मी पाहिलाय. खाज थांबणं आणि आजार जाणं एक नाही हे लोकांना सांगून घसा बसला. आणि घरात सगळ्यांना रात्री एकदमच खाज, बोटांच्या बेचक्यात दाणे असतील तर ती खरूज, तिथे सगळ्या घराला एकाच वेळी औषध. शेवंतीताई, तुम्हीही घरात अजून कोणाला खाज आहे का ते एकदा बघून घ्या, डायलिसिसचं म्हणून खरूज निसटते कधी कधी.

शेवंती
चंदनखोडदादा, घरात बाकी कोणालाच नाही. पण मी तिची बोटं बघून घेतली आज.

चिंचवडी
रात्रीच का वाढते पण?

ग्लूकोजबाटली
रात्री त्वचा गरम होते, सूज आवरणारं कॉर्टिसॉल संध्याकाळनंतर उतरतं, त्वचेतून पाणी जास्त उडतं, आणि लक्ष वेधायला दुसरं काही नसतं. तिथे अण्णांचं बरोबर होतं. म्हणून खोली गार, सुती कपडा, कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच मलम. गार पट्टी ठेवली तर थंडीचे तंतू कण्यात खाजेला दाबणाऱ्या पेशी चालू करतात, पुदिन्याचं मेंथॉल तेच दार वाजवतं. आमसुलाच्या पाण्याने काकूंना गार वाटून बरं वाटलं ते हेच.

तिरफळ
बघा, आमसूल अगदीच वाया नाही गेलं!

शेवंती
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

कागद घेऊन गेले. नव्या डॉक्टरांनी अर्धा तास दिला, फॉस्फरस वाढलेला निघाला त्याच्या गोळ्या आता जेवताना घ्यायला सांगितल्यात, इतके दिवस ती जेवण झाल्यावर तासाने घेत होती, कोणी सांगितलंच नव्हतं. अ‍ॅलर्जीची गोळी बंद. गॅबापेंटिन अगदी लहान डोस, डायलिसिस झालं की तिथेच सिस्टरसमोर घेते. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात एक रात्र सलग चार तास झोपली आणि मीच घाबरून दोनदा तिचा श्वास बघून आले.

गेली नाहीये खाज. मांड्यांना आहे अजून. पण फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला जोडलेल्या शिरेच्या) हाताला ती नखं लावायची त्याची मला फार भीती होती, ते थांबलंय. नखं कापून घेतली, पाठीला गार पट्टी मी ठेवते. तिला सेरोटोनिनचं माझ्या भाषेत सांगितलं, की खाजवलं की मेंदूच वरून तेल ओततो. तर म्हणाली, "म्हणजे माझा दोष नव्हता तर."

एक विचारायचं होतं, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जरा झोक जातो तिचा, न्हाणीघरात भिंत धरते. हे गोळीचं असेल का?

ग्लूकोजबाटली
असू शकतं, बीपी खाली जात असेल तरीही होतं. वाट बघू नका, आजच फोन करून सांगा, डोस आणखी कमी करता येतो. आणि तोवर न्हाणीघरात एकटं सोडू नका.

शेवंती
हो, आत्ता लगेच लावते फोन. फणी अजून उशाखालीच आहे. काल रात्री एकदाच काढली.

अण्णा_सातारकर
फोनवर काय म्हणाले ते इथे लिही गं.